क्यूब पास, स्लॅबला तडे

दीडशे मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच ठोकळा. लोखंडी साच्यात काँक्रीट ठासून भरायचं, दुसऱ्या दिवशी साचा खोलायचा, ठोकळा पाण्याच्या टाकीत सोडायचा आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली ठेवून फोडायचा. नाशिकला अंबड एमआयडीसीत माझी छोटी टेस्टिंग लॅब आहे आणि तिचा निम्म्याहून जास्त धंदा असे ठोकळे फोडण्याचा. साइटवरची माणसं त्यांना क्यूब म्हणतात. एम-२५ दर्जाचा क्यूब चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसतो, म्हणजे अख्ख्या ठोकळ्यावर सुमारे ५७ टन. तेवढा सोसला की पास.

या यंत्राला दाबण्यापलीकडे काही येत नाही. आणि काँक्रीटला तडा जातो तो बहुतेक वेळा ताणामुळे. दाब सोसण्यात काँक्रीट पक्कं, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या जेमतेम एक दशांश. म्हणून तर आपण त्यात सळ्या घालतो. रिपोर्टवर ‘पास’ लिहिताना मी फक्त दाबाबद्दल बोलत असते, पण वाचणारा तो शिक्का अख्ख्या घरावर मारून घेतो.

मग महिन्या-दोन महिन्यांनी बंगल्याचे मालक येतात. मोबाइलवर स्लॅबचा फोटो असतो, त्यात तिरक्या, एकमेकींना समांतर अशा चिरा. “मॅडम, रिपोर्ट तुमचाच. क्यूब पास. मग हे काय?” सोबत आलेले मेहुणे हळूच म्हणतात, “हल्ली सिमेंटमध्ये राख घालतात हो. पूर्वीचं सिमेंट राहिलं नाही.”

राख घालतात हे खरं आहे, आणि ती काही चोरून घालत नाहीत. गोणीवर पीपीसी असं छापलेलं असतं, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट. भारतीय मानकाप्रमाणे त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश चालते. घरबांधणीत आज सर्रास वापरलं जातं ते हेच. गिऱ्हाईक मात्र ‘ओपीसी ५३ ग्रेडच द्या’ म्हणून अडून बसतं. ओपीसी म्हणजे राख न घातलेलं साधं पोर्टलँड सिमेंट. ५३ हा आकडा ३३ पेक्षा मोठा, म्हणजे सिमेंट जास्त चांगलं, असा साधा हिशेब. तो आकडा आहे अठ्ठाविसाव्या दिवसाच्या ताकदीचा. तड्यांबद्दल तो काही सांगत नाही. उलट, ताकद लवकर चढवण्याच्या घाईतच कितीतरी तडे जन्माला येतात, असं माझं वर्षानुवर्षं टाकीतले क्यूब आणि टाकीबाहेरच्या इमारती बघून झालेलं मत आहे.

आधी राख सिमेंटमध्ये जाऊन करते काय, ते बघू. सिमेंटमध्ये पाणी पडलं की दोन मुख्य गोष्टी तयार होतात. एक चिकट, अतिशय बारीक पोताचा पदार्थ, कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. वाळू-खडीला धरून ठेवतो तो हा. दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे पानाला लावतो तोच चुना. घट्ट झालेल्या सिमेंटच्या आकारमानात या चुन्याचा वाटा २०-२५ टक्क्यांपर्यंत जातो. ताकदीला त्याचा उपयोग फार थोडा. पाणी झिरपलं की तो विरघळून बाहेर येतो आणि छताला पांढरे ओघळ दिसतात. राखेतली सिलिका या फुकट पडलेल्या चुन्याशी हळूहळू संयोग पावते आणि त्यातून पुन्हा तोच चिकट पदार्थ बनतो. छिद्रं बुजत जातात, पाण्याच्या वाटा बंद होतात.

‘हळूहळू’ हा शब्द इथे महत्त्वाचा. सिमेंट आधी चुना तयार करणार, मग राख कामाला लागणार. शिवाय राखेची ही क्रिया ओल असेल तरच चालते. एकाच मापाची दोन काँक्रीटं घेतली, एकात नुसतं सिमेंट आणि दुसऱ्यात तीस टक्के राख, तर सातव्या दिवशी राखेचा क्यूब मागे असतो. तो आकडा बघून कॉन्ट्रॅक्टरचा चेहरा पडतो. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत अंतर बरंच कमी होतं आणि छप्पन्नाव्या किंवा नव्वदाव्या दिवशी राखेचा क्यूब पुष्कळदा पुढे निघालेला असतो. पण नव्वदाव्या दिवसापर्यंत थांबतो कोण? बिल तर अठ्ठावीस दिवसांच्या रिपोर्टवर निघतं.

राख आमच्याकडे घरचीच म्हणायची. एकलहरेचं औष्णिक वीज केंद्र इथून फार लांब नाही. आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण भरपूर, शंभर किलोंमागे तीस-चाळीस किलो सहज. भट्टीत दळलेला कोळसा जळतो आणि त्यातला न जळणारा मातकट भाग वितळून धुराबरोबर वर जातो. जाता जाता थंड होताना त्याचे गोल मणी बनतात. धुराड्याआधी विजेच्या भारानं ही भुकटी धरून ठेवतात, ती फ्लाय अ‍ॅश. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे मणी इतके गुळगुळीत आणि वाटोळे दिसतात, की पॉलिटेक्निकची मुलं लॅब बघायला आली की त्यांना मी आधी तेच दाखवते. काही मणी पोकळ असतात आणि पाण्यावर तरंगतात. या गोलाव्यामुळे माल पंपातून सहज सरकतो आणि तेवढ्याच कामाला पाणी थोडं कमी लागतं. पाणी कमी म्हणजे पुढे सुकताना आकसणंही कमी.

भट्टीच्या तळाशी उरणारी जाड राख मात्र वेगळी, आणि पाण्याबरोबर तलावात सोडून दिलेलीही वेगळी. एकदा एका कॉन्ट्रॅक्टरनं वीटभट्टीवरची राख पिशवीत भरून आणली होती. “मॅडम, राख ती राखच ना? ही फुकट मिळते.” भट्टीवरच्या राखेत न जळलेला कोळसा, भुसा, मातीची ढेकळं, काय वाट्टेल ते असतं. मानकाप्रमाणे सिमेंटमध्ये घालायच्या फ्लाय अ‍ॅशमधला जळून उडणारा भाग पाच टक्क्यांच्या वर नको, आणि ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर चौतीस टक्क्यांपेक्षा जास्त उरता कामा नये. न जळलेला कार्बन पाणी आणि रसायनं पिऊन टाकतो आणि स्लॅबच्या पृष्ठभागावर काळी साय आणतो. पिशवी त्यांना परत दिली.

आता तड्यांकडे येते. तडे वयाप्रमाणे ओळखावे लागतात. काही तासांतले, काही दिवसांतले, काही महिन्यांतले, आणि सळई गंजून फुगल्यामुळे वर्षांनी येणारे. प्रत्येकाचं कारण निराळं, आणि काँक्रीटमध्ये घालायच्या राखेसारख्या भुकट्या प्रत्येकावर निराळा परिणाम करतात. सगळ्यांना एकच औषध शोधणाऱ्याची फसगत ठरलेली.

दिवसांतले तडे उष्णतेचे. सिमेंट आणि पाण्याचा संयोग होताना उष्णता निघते. ढोबळ हिशेब असा, की घनमीटर काँक्रीटमधल्या दर शंभर किलो सिमेंटमागे, उष्णता बाहेर पडायला वाव नसेल तर, तापमान दहा-बारा अंशांनी चढतं. सहा इंची स्लॅबमध्ये ही उष्णता निघून जाते. पण मोठ्या इमारतीचा राफ्ट, म्हणजे खालचा सलग जाड पाया, दीड-दोन मीटर खोल असतो. त्यात चारशे किलो सिमेंट घातलं आणि माल तीस अंशांवर ओतला तर पोटातलं तापमान सत्तरच्या वर जातं. वरचा थर मात्र रात्रीच्या गारव्यात आकसत असतो. पोट फुगलेलं आणि कातडी आवळलेली, म्हणजे कातडी फाटणारच. पोट आणि पृष्ठभाग यांच्यात वीस अंशांहून जास्त फरक पडू देऊ नये असा साधा नियम आहे. म्हणून आम्ही ओतण्याआधीच आत तारा सोडून ठेवतो आणि दर काही तासांनी तापमान टिपतो.

इथे राख आणि स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या झोतभट्टीतली दळलेली मळी, दोन्ही खऱ्या उपयोगाला येतात. सिमेंटच्या जागी निम्म्यापर्यंत त्या भुकट्या घातल्या की उष्णता कमी निघते आणि जास्त दिवसांत विभागून निघते. हे ज्ञान नवं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात रेमंड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली फ्लाय अ‍ॅशच्या काँक्रीटवरचं काम प्रसिद्ध केलं. मग अमेरिकेत माँटाना राज्यातल्या हंग्री हॉर्स धरणात ती मोठ्या प्रमाणावर गेली, आणि आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या रिहंद धरणात. भंडारदऱ्याच्या पलीकडे घाटघरला गेलात तर उदंचन जलविद्युत प्रकल्पाची धरणं दिसतील. खालचं ऐंशी मीटरहून उंच आहे. रोलरनं दाबत थरावर थर चढवलेल्या काँक्रीटची ती देशातली पहिली धरणं, आणि त्यातल्या मिश्रणात सिमेंटपेक्षा राख जास्त आहे. राखेचं सिमेंट कच्चं म्हणणाऱ्या मंडळींना मी एखाद्या रविवारी तिकडे फिरून यायला सांगते. पावसाळ्यात जागाही सुंदर असते.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र हवाईतल्या काउआई बेटावरचं आहे. तिथल्या शैव मठाला ग्रॅनाइटचं इरैवन मंदिर बांधायचं होतं आणि ते हजार वर्षं टिकावं अशी त्यांची अट होती. पायाचं काम सुचवलं मूळचे भारतातले आणि बर्कलीला काँक्रीट शिकवणारे प्रा. पी. कुमार मेहता यांनी. हजार वर्षांत सळई गंजणारच, म्हणून पायात सळईच घालायची नाही असं ठरलं. सळई नाही म्हणजे तडा रोखून धरायला काहीच नाही. तडा मुळात जाताच कामा नये. १९९९ साली त्यांनी पाया दोन थरांत ओतला, आणि त्या काँक्रीटमधल्या सिमेंट-राख मिश्रणात अर्ध्याहून जास्त राख होती. ताकदीचं उद्दिष्ट मुद्दाम बेताचं आणि लांबच्या मुदतीचं ठेवलं होतं. पाया तडे न जाता घट्ट झाला. आपल्याकडचा बिल्डर सातव्या दिवशीच्या आकड्यावरून जे काँक्रीट परत पाठवेल, त्यावर ते मंदिर उभं आहे.

याच्या उलट चित्र अमेरिकेच्याच रस्त्यांवर दिसलं. तिथे पुलांच्या डेकसाठी जास्त ताकदीचं, लवकर घट्ट होणारं काँक्रीट वापरायची चढाओढ लागली. १९९६ च्या एका मोठ्या अभ्यासात असं नोंदलं गेलं, की एक लाखाहून जास्त पुलांच्या डेकवर बांधून होताच आडवे तडे गेले होते. कारण गुंतागुंतीचं आहे, पण त्याचा गाभा सांगता येतो. काँक्रीट सुकताना, थंड होताना आकसतं. सुकण्यामुळे दहा मीटर लांबीत चार-पाच मिलिमीटर आकसणं नेहमीचं. त्याला बीम, कॉलम, भिंती धरून ठेवतात, म्हणून ताण येतो. काँक्रीट अजून जरा मऊ असेल तर ते ताणाखाली थोडं सरकून घेतं आणि ताण ओसरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच दगड झालेलं काँक्रीट सरकत नाही, ते मोडतं. वर जास्त सिमेंट म्हणजे जास्त उष्णता आणि जास्त आकसणं. क्यूब मात्र कुठेही बांधलेला नसतो. तो टाकीत मोकळा पडून असतो, हवा तेवढा आकसतो, आणि पास होतो.

सगळ्याच भुकट्या राखेसारख्या सावकाश नाहीत. सिलिका फ्यूम, साइटच्या भाषेत मायक्रोसिलिका, ही सिलिकॉन आणि फेरोसिलिकॉनच्या भट्ट्यांच्या धुरातून धरतात. तिचा कण सिमेंटच्या कणाच्या साधारण शंभराव्या भागाएवढा. सिमेंटच्या कणांमधल्या फटीत ती बसते, खडीच्या भोवतीची कच्ची कड भरून काढते आणि चुन्याशी झटपट संयोग पावते. सिमेंटच्या पाच-दहा टक्के घातली तरी ताकद कुठल्या कुठे जाते. मुंबईच्या जे. जे. उड्डाणपुलात एम-७५ दर्जाचं काँक्रीट तिच्या जोरावर गेलं. कैगाच्या अणुभट्टीचा घुमट १९९४ साली बांधताना कोसळला. तो नव्यानं बांधताना मायक्रोसिलिकाचं एम-६० काँक्रीट वापरलं. ताकद हवी आणि पाणी-मीठ आत शिरू द्यायचं नाही, अशा जागी ही भुकटी उत्तम.

पण तासांतल्या तड्यांसाठी तिच्याइतकी धोक्याची भुकटी दुसरी नाही. साधं काँक्रीट ओतलं की थोडं पाणी वर सुटतं आणि पृष्ठभाग ओला ठेवतं. मायक्रोसिलिका इतकी बारीक, की सगळं पाणी तिच्या अंगालाच लागतं, वर काही येतच नाही. वरून ऊन आणि वारा. चौरस मीटरमागे तासाला एक लिटरच्या आसपास पाणी उडायला लागलं, की ओलं काँक्रीट फाटायची भीती असते, आणि मायक्रोसिलिका असेल तर त्याच्या निम्म्यालाच. नाशिकला मार्च-एप्रिलच्या दुपारी कोरडं वारं सुटतं, तेव्हा ही मर्यादा ओलांडायला फार वेळ लागत नाही. फोटोतल्या त्या तिरक्या समांतर चिरा बहुतेक याच असतात. राखेचंही इथे एक दूषण आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. राखेचा माल उशिरा सेट होतो, म्हणून पृष्ठभाग उन्हात कच्चा राहण्याचा काळ लांबतो. उपाय भुकटीत नाही. स्लॅब पहाटे घ्या किंवा संध्याकाळी, वाऱ्याला आडोसा करा, रंधा मारून झाला की लगेच प्लास्टिक टाका. हे सगळं फुकटात होण्यासारखं आहे, म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

स्लॅगबद्दल थोडक्यात. लोखंडाच्या झोतभट्टीतली मळी पाण्याच्या फवाऱ्यानं एकदम गार केली की तिची काचेसारखी वाळू बनते. ती दळली की पांढुरकी भुकटी. चुन्याचा हात लागला की ती स्वतःही घट्ट होते, म्हणून स्लॅग सिमेंटमध्ये ती सत्तर टक्क्यांपर्यंतही चालते. समुद्राच्या खाऱ्या हवेत सळई राखायला ती फार चांगली. रत्नागिरी-मालवणकडचं काम असेल तर मी आधी तीच सुचवते. तिचा क्यूब फोडला तर आतून निळसर हिरवा निघतो आणि नवखा साइट इंजिनिअर घाबरून फोन करतो. दोन-चार दिवस हवा लागली की रंग जातो. मात्र खूप कमी पाण्याच्या, उंच ताकदीच्या काँक्रीटमध्ये स्लॅग आतल्या आत जास्त आकसतं, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

ज्या भुकट्यांची नावं मानकात नाहीत त्यांनीच मी जास्त नुकसान होताना बघते. क्रश सँडमधली कच प्रमाणाबाहेर गेली की माल चिकट होतो, मिस्त्री त्यात पाणी सोडतो आणि पुढे सगळं आकसतं. वॉटरप्रूफच्या पावडरचं पाकीट दर गोणीमागे टाकायची पद्धत आहे. यातल्या पुष्कळ पावडरींमध्ये साबणाच्या जातीचा, पाणी झटकणारा पदार्थ असतो. बारीक छिद्रांतून ओल चढणं त्यानं कमी होतं, पण तडा गेला की पाणी तड्यातून येतं, पाकिटाला विचारत नाही. आणि सगळ्यात मजेदार भुकटी म्हणजे खुद्द सिमेंट. स्लॅबवर किंवा कोब्यावर पाणी सुटलं, की ते टिपायला मिस्त्री मूठभर कोरडं सिमेंट भुरभुरतो आणि वर थापी घोटतो. त्या क्षणी गुळगुळीत दिसतं. पण वरच्या दोन मिलिमीटरांत सिमेंट खच्चून भरलं, ते खालच्यापेक्षा जास्त आकसणार. थोड्या दिवसांत अख्ख्या पृष्ठभागावर जाळी उमटते. प्लॅस्टरचंही तेच. एकास तीनचं कडक सिमेंट प्लॅस्टर भेगाळतं. त्याऐवजी सिमेंटच्या बरोबरीनं चुना घालून एकास एकास सहाचं प्लॅस्टर केलं तर ते कमी ताकदीचं असूनही भिंतीला धरून राहतं. हे जुन्या मिस्त्रींना ठाऊक होतं.

आता राखेच्या बाजूनं इतकं बोलल्यावर तिची दुसरी बाजूही मांडते. माझ्या टाकीतलं पाणी २७ अंशांच्या आसपास ठेवलेलं असतं. क्यूब त्यात सत्तावीस दिवस बुडून असतो, राखेला हवी तेवढी ओल मिळते. त्याच मालाचा स्लॅब गच्चीवर चार दिवस नळीनं भिजतो, पाचव्या दिवशी पाणी मारणारा पोरगा गावी जातो. आयएस ४५६ हे आपलं काँक्रीटचं मुख्य मानक. त्यात साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी सांगितलं आहे, राखेच्या किंवा मिश्र सिमेंटला किमान दहा, आणि ते चौदापर्यंत न्यावं अशी शिफारस आहे. ओल संपली की राख जिथे असेल तिथे थांबते. मग ती नुसती धूळ. क्यूब पास आणि स्लॅब अर्धकच्चा, ही परिस्थिती इथे तयार होते.

याचा त्रास सळईला होतो. चुन्यामुळे काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्या अल्कात सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरत हा चुना संपवत जातो. राखेनं चुन्याचा बराच साठा आधीच वापरलेला असतो. पाणी नीट मिळालं असेल तर हरकत नाही, कारण छिद्रं बुजलेली असतात आणि हवा आत शिरत नाही. पाणी मिळालं नसेल तर छिद्रं उघडी आणि चुनाही कमी. जुन्या इमारतीच्या तपासणीत आम्ही काँक्रीटचा ताजा तुकडा काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतो. अल्क शाबूत असेल तिथे लालसर जांभळा रंग चढतो, संपलं असेल तिथे रंग येत नाही. बाहेरून आत रंगहीन पट्टा किती खोल गेला हे पट्टीनं मोजायचं. तो सळईपर्यंत पोहोचला असेल तर पुढे गंज आणि वर्षांनी येणारे ते जाड, सळईच्या रेषेत धावणारे तडे ठरलेले. पट्टा खोल गेलेला दिसला की दोष राखेवर ढकलतात. पाणी किती दिवस मारलं, त्याची नोंद कुणाकडेच नसते.

म्हणून मी हल्ली सुचवते, की सहा क्यूब भरा. तीन माझ्या टाकीत द्या आणि तीन स्लॅबवरच, स्लॅबला जे गोणपाट आणि जे पाणी मिळतं त्यातच ठेवा. अठ्ठाविसाव्या दिवशी सगळे फोडू. दोन्हींत फरक किती पडला तो आकडा, कुठलं सिमेंट वापरलं यापेक्षा जास्त काही सांगतो. बहुतेक कॉन्ट्रॅक्टर हसून विषय बदलतात.

मिश्र सिमेंटचं प्रमाण येत्या काळात वाढणारच आहे. सिमेंटची क्लिंकर, म्हणजे जी दळून सिमेंट होतं ती, साडेचौदाशे अंशांना भाजावी लागते आणि चुनखडी भाजताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. क्लिंकर जितकी कमी वापराल तितकं बरं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठात कॅरेन स्क्रिव्हेनर, तसंच क्यूबातले आणि आपल्याकडचे दिल्ली-मद्रासच्या आयआयटीतले संशोधक यांनी मिळून एक सिमेंट पुढे आणलं. त्यात क्लिंकर निम्मी, तीस टक्के भाजलेली चिकणमाती, पंधरा टक्के न भाजलेली चुनखडी आणि थोडं जिप्सम. माती सात-आठशे अंशांनाच भाजली की पुरते. २०२३ साली भारतीय मानक ब्यूरोनं त्याचं मानकही काढलं. भाजलेली माती आणि राख दोन्ही चुनाच खातात, पण माती लवकर कामाला लागते, म्हणून सातव्या दिवशीचा आकडा बघून कुणाचा चेहरा पडत नाही. पाणी मात्र ती जरा जास्त मागते. वाड्यांच्या भिंतीत चुन्याबरोबर सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालायचे तेही याच कारणानं. भाक्रा धरणाच्या काँक्रीटमध्येही भाजलेल्या मातीची भुकटी गेली आहे.

आमच्याकडे नेहमी येणारे एक मिस्त्री आहेत, सिन्नरकडचे. त्यांना मी मामा म्हणते. या नव्या सिमेंटचं ऐकून त्यांनी ताकद विचारली नाही, भावही नाही. म्हणाले, “ताई, याला पाणी किती दिवस?”

“चौदा धरा मामा.”

“हजार फुटांचा स्लॅब आहे. चौदा दिवस वाफे भरायचे म्हणजे टँकर किती?”

आम्ही कागदावर मांडलं. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. दोन इंच पाणी उभं करायचं तर साडेचार हजार लिटरच्या पुढे, म्हणजे पाच हजारांचा एक टँकर. मग उन्हाळ्यात रोज सहा-सात मिलिमीटर उडून जाणार, म्हणजे दिवसाला सहाशे-साडेसहाशे लिटर. पंधरवड्यात आणखी दोन टँकर लागतील. वाफ्यांऐवजी ओलं गोणपाट अंथरून वर प्लास्टिक टाकलं, कडांना विटा ठेवल्या, तर एवढं पाणी उडत नाही; दिवसाआड भिजवलं तरी चालतं, पण गोणपाट कुठे कोरडं पडलंय का ते रोज हात लावून बघावं लागतं.

मामांनी कागद घडी करून खिशात घातला. “हात लावून बघायला माझा नातू आहे,” म्हणाले, “सुट्टीच लागलीय त्याला. प्लास्टिक कसलं घेऊ, काळं का पांढरं?”

उन्हाळा आहे, पांढरं घ्या म्हटलं.